सुतळीचा एक चौकोन आणि परिसंस्थेचा धडा

नववी-दहावीच्या कुठल्याही मुलाला ‘परिसंस्था म्हणजे काय?’ विचारा. ‘जैविक आणि अजैविक घटक व त्यांच्यातील आंतरक्रिया...’ अशी व्याख्या एका दमात म्हणून दाखवेल. त्यालाच शाळेमागच्या मैदानात नेऊन म्हणा, ‘इथली परिसंस्था दाखव बघू.’ पोरगं इकडेतिकडे बघतं आणि लांबचा डोंगर दाखवतं. पायाखालचं गवत त्याला परिसंस्था वाटतच नाही, कारण पुस्तकातल्या चित्रात हरीण आणि वाघ असतात.

म्हणून मी हा धडा फळ्यावर सुरू करायचा सोडून दिला. चार खुंट्या, सुतळी आणि वही घेऊन मैदानात जायचं, मोजायचं, आणि एखाद्या शब्दाची गरज पडली की तो शब्द शिकायचा. ‘परिसंस्था’ हा शब्दसुद्धा असाच गरजेतून आला. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी 1935 साली तो मांडला. झाडं-प्राणी वेगळे आणि माती-पाणी-हवा वेगळी असा अभ्यास करून भागत नाही, दोन्ही मिळून एक व्यवस्था धरावी लागते, हे त्यांचं म्हणणं होतं.

पुढची कामं दोन-तीन जणांच्या गटाला जमण्यासारखी आहेत. वेळ निवडायची ती गणपती ते दिवाळी. पावसाळ्यात उगवलेलं सगळं तेव्हा फुलावर किंवा बियांवर असतं, ओळखायला सोपं जातं. मे महिन्यात गेलात तर धूळ मोजावी लागेल.

आधी प्रश्न, मग सुतळी

‘मैदानातल्या वनस्पतींचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते प्रकल्पाच्या वहीवरचं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर मोजून देता येईल. आमचा नेहमीचा प्रश्न असा: मैदानातून मुलांच्या पायांनी पडलेली एक पायवाट आहे. तिच्या कडेला उगवणारी झाडं आणि तिच्यापासून दहा मीटर आत उगवणारी झाडं यांत फरक आहे का? असला तर कशामुळे?

तुमच्याकडे पायवाट नसेल तर कडुनिंबाची सावली आणि उघडं ऊन यांची तुलना करा, बांधाचा चढ आणि उतार घ्या. दोन जागा हव्यात, एवढं मात्र पक्कं. एकाच जागेचं मोजमाप केलंत तर यादी मिळेल. ‘का’ विचारायला दुसरी जागा लागते.

चौकोन आखणं

लागणारं सामान: चार मोठे खिळे, पाचेक मीटर सुतळी (हरळी मोजायला आणखी वीसेक), टेप, भिंग, प्रयोगशाळेतला तापमापक (तापाचा नव्हे, त्याची पट्टी 35च्या आसपास सुरू होते), काचेची बरणी, वही, पेन्सिल. पेन नको, दव पडलं की शाई पसरते.

एक मीटर बाजूचा चौरस आखा. पहिल्या दिवशी सगळ्यांची एकच चूक होते. चारही बाजू बरोबर एक मीटर भरतात, पण कोपरे काटकोनात नसतात आणि चौरसाचा समभुज चौकोन होऊन बसतो. मग क्षेत्रफळ एक चौरस मीटरपेक्षा कमी भरतं आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. उपाय भूमितीच्या तासालाच शिकलेला आहे: दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 141 सेंटीमीटर आले की कोपरे बरोबर.

आता चौरस टाकायचा कुठे? इथे मोह होतो. जिथे रंगीत फुलं आहेत तिथेच सुतळी टाकावीशी वाटते. डोळे मिटून काठी फेकणंही खरं नाही, हात नकळत मोकळ्या बाजूला फेकतो. त्यापेक्षा दोन्ही जागी दहा बाय दहा मीटरची एकेक पट्टी मनात धरा, 0 ते 9 अंकांच्या चिठ्ठ्या करा आणि दोन वेळा उचला. पहिली चिठ्ठी उचलून झाली की परत डब्यात टाका. 4 आणि 7 आले तर कोपऱ्यापासून चार मीटर पुढे, सात मीटर बाजूला. तिथे नुसता दगड असला तरी चौरस तिथेच. रिकामा चौरस हीसुद्धा माहितीच आहे, ती वहीत यायला हवी. प्रत्येक जागी निदान दहा चौरस घ्या.

आणि एक, हे गमतीने घेऊ नका: बिळात, दगडाखाली, पाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही. काठीने हलवायचं, मग बघायचं. पायात बूट. गाजर गवत उघड्या हाताने उपटायचं नाही, अनेकांच्या अंगाला पुरळ येतं. खाजकुयलीची शेंग ओळखता येत नसेल तर अनोळखी लवदार शेंगेला हातच लावू नका.

निर्जीव बाजू

पुस्तकात हिला ‘अजैविक घटक’ म्हणतात आणि मुलं ‘हवा, पाणी, माती, प्रकाश’ असं लिहून मोकळी होतात. त्यांतल्या तीन गोष्टी तरी मोजा.

तापमान: तापमापकाचा फुगा मातीत दोन इंच जाईल असा ठेवा. दोन्ही जागी एकाच वेळी. सकाळी आठला एकीकडे आणि दुपारी एकला दुसरीकडे मोजलंत तर तुलना जागांची राहत नाही, घड्याळाची होते.

पाणी मुरणं: दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा मातीत दोन बोटं दाबून बसवा. कापलेल्या कडा धारदार असतात, मोठ्या माणसाकडून बोथट करून घ्या. त्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागला ते लिहा. पायवाटेवर पाणी किती तरी वेळ तसंच उभं राहतं, आत मात्र डोळ्यांदेखत उतरतं. मुलं इथे पहिल्यांदा ‘अच्छा!’ म्हणतात. पायांनी माती दाबली जाते, तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात, पाणी मुरत नाही, मुळांना श्वास मिळत नाही. पायवाट म्हणजे हजारो पावलांनी बदललेला अजैविक घटक आहे.

मातीचा पोत: बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. थर मोजपट्टीने मोजा. 

मोजणी

प्रत्येक चौरसात कोणती झाडं आहेत आणि किती, हे लिहायचं. आमच्याकडे साधारण ही मंडळी भेटतात: हरळी, टाकळा, एकदांडी, गाजर गवत, आघाडा, केना, ओलीला माका. नावांचा घोळ होणारच. एकदांडीला कोणी दगडीपाला म्हणतं, कोणी कंबरमोडी. एका गटाने त्या एकाच झाडाची तीन नावं तीन ओळींत लिहून ‘जैवविविधता’ वाढवली होती! अशा वेळी ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे शास्त्रीय नाव कामाला येतं, ते एवढ्यासाठीच असतं. नाव माहीत नसेल तर ‘वनस्पती क’ लिहा, पानाचं चित्र काढा, पुढे जा. अंदाजाने नाव ठोकण्यापेक्षा ‘क’ शंभरपट प्रामाणिक.

मोजणीतून दोन आकडे काढायचे. समजा, दहा चौरसांपैकी चारांत टाकळा सापडला आणि एकूण रोपं 36 होती.

वारंवारता = टाकळा असलेले चौरस ÷ एकूण चौरस × 100, म्हणजे 40 टक्के.
घनता = एकूण रोपं ÷ एकूण चौरस, म्हणजे दर चौरस मीटरला 3.6.

दोन्ही कशाला? समजा केनाची रोपंही 36च भरली, पण ती दहापैकी नऊ चौरसांत विखुरलेली. घनता सारखी, वारंवारता 90 टक्के. टाकळा घोळक्याने राहतो, केना सगळीकडे थोडाथोडा. घोळका का, हे बघायला टाकळ्याच्या शेंगा फुटून बिया कुठे पडतात ते पाहा.

हरळीपाशी मोजणारा अडतो. तिचं खोड जमिनीवर सरपटतं आणि पेरापेराला मुळं सोडतं. एक रोप कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे कोण सांगणार? तिथे रोपं मोजायची नाहीत, व्यापलेली जागा मोजायची. चौरसात दहा-दहा सेंटीमीटरवर सुतळ्या ओढा, शंभर घरं होतील. जितक्या घरांत निम्म्याहून जास्त हरळी, तितके टक्के. पायवाटेच्या कडेला ही टक्केवारी हमखास चढते. हरळीचे वाढणारे कोंब जमिनीला लागून असतात, पाय पडला तरी मरत नाहीत. टाकळ्याचा शेंडा वर असतो. तो तुडवला की गेला.

आता शब्द चिकटवा. तुमच्या पट्टीतला सगळा टाकळा मिळून टाकळ्याची ‘जीवसंख्या’. टाकळा, हरळी, मुंग्या, सरडे, बुरशी सगळे मिळून ‘समुदाय’. समुदायात तापमापकाचा आकडा, डब्यातलं पाणी आणि बरणीतली माती मिळवली की ‘परिसंस्था’. टाकळा राहतो ती जागा हा त्याचा ‘अधिवास’. ‘निश’ म्हणजे त्याचं तिथलं एकूण जगणं: कधी उगवतो, काय घेतो, त्याला कोण खातं. अधिवास हा पत्ता आणि निश हा धंदा, असं लक्षात ठेवलं तरी चालेल. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं राहतात, पण सगळ्यांचा धंदा एक असता तर भांडणं झाली असती.

पळणाऱ्यांची मोजणी

झाडं उभी राहतात. प्राणी थांबत नाहीत, एकच गोगलगाय दोनदा मोजली जाते. यावर युक्ती आहे, पण ती आधी घरी हरभऱ्यांवर करा. डब्यात न मोजता चार-पाच मुठी हरभरे घ्या. त्यांतले 50 काढून मार्करने ठिपका द्या, परत टाका, नीट हलवा. मग न बघता 60 काढा. त्यांत समजा 10 ठिपकेवाले निघाले. 60 मध्ये 10, म्हणजे सहातला एक. तर सगळ्या डब्यात ठिपकेवालेही सहातला एक असणार. ते 50 आहेत, म्हणून एकूण अंदाजे 300. आता डबा ओतून खरोखर मोजा आणि किती चुकलात ते बघा.

मग गोगलगायी. शंखावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका, अंगाला लागू न देता. सोडा, दोन दिवसांनी पुन्हा शोधा, तेच गणित. हा हिशोब चालण्यासाठी काय काय खरं असायला हवं, ते गटात बोला: ठिपका धुऊन जाता कामा नये, ठिपक्यामुळे गोगलगाय पक्ष्याला जास्त दिसता कामा नये, मधल्या दिवसांत बाहेरून नव्या यायला नकोत. परीक्षेत यावरच प्रश्न येतो. काम झालं की हात साबणाने धुवा.

कोण कोणाला खातं

हे बसून बघायचं काम आहे. एका टाकळ्यासमोर अर्धा तास. पानाला कुरतडल्याच्या खुणा दिसतील, उलटून पाहिलंत तर पानाच्याच रंगाची अळी. टाकळ्यावर अंडी घालणारी छोटी पिवळी फुलपाखरं आपल्याकडे पावसाळ्यात भरपूर. अळीला सरडा टिपतो, सरड्याला शिक्रा हा शिकारी पक्षी उचलतो. चार कड्यांची अन्नसाखळी तयार.

बाण काढताना वर्गातली निम्मी मुलं चुकतात. ‘सरडा अळीला खातो’ म्हणून सरड्याकडून अळीकडे बाण काढतात. बाण खाणाऱ्याचं तोंड दाखवत नाही, ऊर्जा कुठे गेली ते दाखवतो. टाकळा → अळी → सरडा → शिक्रा. अळीला मुंग्याही ओढून नेतात, पक्षीही उचलतात, सरडा मुंग्याही खातो. सगळे बाण एकाच कागदावर काढा, साखळीचं जाळं होतं.

आता हिशोब. टाकळ्याच्या अंगात 10,000 किलोज्यूल ऊर्जा धरली, तर अळ्यांच्या अंगी त्यातली सुमारे 1,000 लागते, सरड्यांच्या 100, शिक्र्याच्या 10. बाकीची जाते कुठे? काही पानं खाल्लीच जात नाहीत, खाल्लेल्यातलं काही विष्ठेतून पडतं, आणि मोठा वाटा श्वसनात उष्णता होऊन निघून जातो. म्हणून मैदानात टाकळे शेकड्याने आणि शिक्रा एखादाच, तोही बाजूच्या दोन मैदानांवर फिरणारा.

हा ‘दहा टक्क्यांचा नियम’ रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 1942 सालच्या लेखापर्यंत जातो. मिनेसोटातल्या सीडार बॉग नावाच्या एका लहान तळ्याचा त्याने काही वर्षं हिशोब मांडला, आणि लेख छापून येण्याआधीच, वयाच्या 26व्या वर्षी, तो वारला. त्या तळ्यातसुद्धा प्रत्येक पातळीवर नेमके दहा टक्के आले नव्हते. दहा ही ढोबळ सरासरी आहे. आणि ती सूर्यापासून टाकळ्यापर्यंत लावू नका: पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम एखादा टक्का वनस्पतीच्या अंगी लागतो.

अन्नसाखळीच्या पातळ्या एकावर एक रचलेला मनोरा पुस्तकात असतो, त्याबद्दल एकच गोष्ट. संख्येचा मनोरा उलटा होऊ शकतो: एक उंबर, त्यावर हजारो किडे. ऊर्जेचा मनोरा कधीच उलटा होत नाही. का, ते वरचा हिशोब सांगतो.

जाता जाता, उत्तरपत्रिकेत दर वर्षी दिसणारी एक गफलत. ‘जैविक विशालन’ याचं उदाहरण म्हणून मुलं गिधाडं लिहितात. डीडीटी हे कीटकनाशक चरबीत साठतं आणि साखळीत वर चढताना वाढत जातं, ते विशालन. आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं 1990च्या दशकापासून 99 टक्क्यांहून जास्त घटली ती डायक्लोफेनॅकमुळे. हे गुरांचं वेदनाशामक. औषध दिल्यावर थोड्याच काळात मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. साठत जाण्याची वाटच बघावी लागत नाही. गुरांसाठी हे औषध भारतात 2006 साली बंद झालं. गिधाडं आणि विघटक यांतही गोंधळ नको: गिधाड मेलेलं मांस खातं, सडवत नाही. सडवायचं काम जिवाणू आणि बुरशीचं.

कुजण्याचा प्रयोग

दोन महिने लागतात, म्हणून हा पहिल्याच दिवशी मांडून ठेवा. जुन्या मच्छरदाणीच्या सहा पिशव्या शिवा. तीनमध्ये वाळलेली आंब्याची पानं, तीनमध्ये शेवग्याची, प्रत्येकी 10 ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. शेवग्याची पानं बारीक, जाळीतून गळतात, तेव्हा तिथे कापड दुहेरी घ्या. तुलना सारखी राहावी म्हणून आंब्यालाही तेच. पिशव्या ओलसर मातीत चार बोटं खाली पुरा. वीस-वीस दिवसांनी एकेक जोडी काढा, माती हलकेच धुवा, पूर्ण वाळवा, वजन करा. ओलं वजन केलंत तर पानं कुजून ‘जड’ झाल्याचा शोध लागेल, तो आमच्याकडे एकदा लागलेला आहे.

शेवगा लवकर संपतो. आंब्याचं पान जाड, चिवट, वरून मेणचट. ते टिकून राहतं. पानातलं जे गेलं ते नाहीसं झालं नाही: काही कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत, काही मातीत. ऊर्जा एकदा उष्णता झाली की परत येत नाही, पण कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस पुन्हा पुन्हा फिरतात. ‘ऊर्जेचा प्रवाह आणि द्रव्याचं चक्र’ यातला फरक एवढाच.

नायट्रोजनचं चक्र बघायचं असेल तर थंडीत हरभऱ्याचं एक रोप मुळासकट खणून काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळांवरची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसते; ती चालू कामाची खूण. आत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडत असतात. आजोबा ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’ (हरभऱ्यानंतर त्या रानात पुढचं पीक चांगलं येतं) म्हणतात त्यामागे या गाठींचा मोठा हात आहे.

नाती

यांची उदाहरणं पुस्तकातली पाठ करू नका, मराठीत ती आधीच बोलली गेलेली आहेत.

‘उंबराचं फूल’ कोणाला दिसत नाही, कारण फुलं फळाच्या आत असतात. आणि ‘उंबर फोडून केंबरं काढणं’ यातली केंबरं म्हणजे उंबरात वाढणारे बारीक किडे. त्यांतल्याच एका चिमुकल्या गांधीलमाशीने आत शिरून परागीभवन केल्याशिवाय उंबराला बी धरत नाही, आणि उंबराशिवाय तिची पिल्लं वाढत नाहीत. दोघांचा फायदा: सहोपकारिता. एक उंबर उभा चिरून भिंगाखाली बघाच.

घरच्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे ‘फूल’ नाही. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. गुरांमागे चालणाऱ्या गायबगळ्याला खुरांनी उडालेले किडे मिळतात, गाईला सहसा काही फरक पडत नाही: सहभोजिता. आंब्यावरचं बांडगूळ परजीवी, पण हिरवं असल्याने अन्न स्वतः तयार करतं, आंब्याकडून पाणी आणि क्षार ओढतं. पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल जवळजवळ सगळंच दुसऱ्याचं खाते. म्हणजे ऐतखाऊ माणसाला बांडगूळ म्हणणं थोडं अन्यायाचं आहे, अमरवेल म्हणायला हवं.

स्पर्धा मात्र तुमच्या चौरसातच आहे. गाजर गवत मूळचं अमेरिकेतलं, आपल्याकडे 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि देशभर पसरलं. टाकळा दाट वाढला की तो त्याला मागे रेटतो. म्हणून गाजर गवताच्या जागी टाकळ्याचं बी टाकायला सांगतात. तुमच्या आकड्यांत बघा: ज्या चौरसांत टाकळा जास्त, तिथे गाजर गवत कमी आहे का? कमी असलं, तरी ‘टाकळ्यामुळे’ असं लगेच लिहू नका. कदाचित एकाला सावली मानवत असेल, दुसऱ्याला नसेल. निरीक्षण एका रकान्यात, अनुमान दुसऱ्या रकान्यात.

वही पूर्ण करताना

आलेख दोनच काढा: दोन्ही जागांची घनता शेजारी शेजारी, आणि पिशव्यांचं उतरतं वजन. एखादा आकडा इतरांशी जुळत नसेल तर खोडू नका. त्याच्यापुढे त्या दिवशी काय झालं होतं ते लिहा. आमच्या एका चौरसात एका आठवड्यात सगळा टाकळा गायब झाला. रोग नव्हता, कीड नव्हती. शेजारच्या मावशींनी कोवळी पानं भाजीला खुडून नेली होती. मुलांनी अन्नजाळ्यात माणूस घातला आणि बाण बरोबर काढला.

खिळे मैदानात सोडू नका, कोणाच्या तरी पायात जातील. प्रत्येक चौरसाच्या एका कोपऱ्याचं कुंपणाच्या खांबापासूनचं आणि कडुनिंबाच्या खोडापासूनचं अंतर तेवढं लिहून ठेवा. पुढच्या भाद्रपदात पुढच्या वर्गाला तोच चौरस सापडायला ते दोन आकडे उपयोगी पडतात.